मॅचिंग उत्तम, तरी रेंज नाही: अँटेनातून विकिरण नेमकं किती होतं, हे कसं ओळखायचं?

कंपनसंख्या

४३३.९२ मेगाहर्ट्झचा छोटा सेन्सर आहे. ४ सेंटिमीटरचा बोर्ड, त्यावर ४ सेंटिमीटर उंचीचा स्प्रिंगसारखा गुंडाळलेला अँटेना, बॅटरीवर चालतो. बोर्डाला कोॲक्स (धातूचं आवरण असलेली केबल) जोडून व्हीएनएवर (परत येणारी लहर मोजणाऱ्या यंत्रावर) मॅचिंग केलंय, म्हणजे अँटेनाचा इंपीडन्स (एसीला होणारा एकूण विरोध) जुळवून घेतलाय. रिटर्न लॉस (परत येणारी शक्ती किती डीबीने कमी) २० डीबी येतो, म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर (न जुळण्याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) साधारण १.२. परत येणारी शक्ती फक्त १ टक्का.

ट्रान्समीटर १० डीबीएमचा (१ मिलिवॅटच्या तुलनेत १० डीबी), रिसीव्हरची संवेदनशीलता उणे ११० डीबीएम. म्हणजे वाटेत १२० डीबी घट चालेल. मोकळ्या अवकाशाच्या सूत्राने ३०० मीटरला घट येते सुमारे ७५ डीबी. हाताशी ४५ डीबी उरायला हवेत. प्रत्यक्षात मोकळ्या मैदानात १५० मीटरच्या आसपासच पाकिटं (डेटाचे तुकडे) गळायला लागतात. सेन्सर जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, रिसीव्हर १ मीटरवर. रिसीव्हरला पाव तरंगलांबीचा उभा अँटेना आणि पुरेसं ग्राउंड प्लेन (अँटेनाखालचा धातूचा पत्रा) आहे.

दोन प्रश्न. ९९ टक्के शक्ती अँटेनात गेली असेल तर ती हवेत का पोचत नाही? आणि मॅचिंग सोडून अँटेनाचे आणखी कुठले आकडे बघावेत?

अनुनाद

परत आली नाही म्हणजे हवेत गेली, असं नाही. व्हीएनएला ५० ओहमचा डमी लोड लावा. रिटर्न लॉस तुमच्या स्प्रिंगपेक्षा चांगला दिसेल आणि विकिरण जवळजवळ शून्य. व्हीएनएला एका टोकाकडून फक्त परत आलेली लहर दिसते. आत गेलेली शक्ती उष्णता झाली की विकिरण, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

विद्युल्लता

अनुनाद यांच्याशी सहमत. थोडं मुळापासून मांडते, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल.

एकसारख्या वेगाने सरळ जाणारा प्रभार विकिरण करत नाही. वेग बदलला, दिशा बदलली, की करतो. तारेतला डीसी म्हणूनच भोवती चुंबकीय क्षेत्र उभं करतो पण ऊर्जा दूर पाठवत नाही. एसी प्रवाहात प्रभार सतत मागेपुढे होतो, म्हणून विकिरण होतं. छोट्या तारेसाठी दूरच्या क्षेत्राची ताकद तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: प्रवाह, लांबी आणि वारंवारता. मग समांतर दोन तारांची फीडलाइन विकिरण का करत नाही? कारण दोन्हींत प्रवाह सारखा आणि उलट असतो, आणि तारांमधलं अंतर तरंगलांबीच्या मानाने नगण्य असतं. दूरवर दोघींची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. त्याच दोन तारांची टोकं विरुद्ध दिशांना उघडली, की प्रवाह एकाच दिशेने वाहू लागतात आणि डायपोल तयार होतो.

अँटेनाभोवतीच्या क्षेत्रात तीन प्रकारची पदं असतात. अंतराच्या घनाच्या आणि वर्गाच्या प्रमाणात घटणारी पदं जवळ प्रबळ असतात. त्यांची ऊर्जा पाव आवर्तनात बाहेर जाते आणि पुढच्या पाव आवर्तनात परत येते. अंतराच्या साध्या प्रमाणात घटणारं पद मात्र परत येत नाही. त्याची शक्तिघनता अंतराच्या वर्गाने घटते आणि गोलाचं क्षेत्रफळ त्याच वर्गाने वाढतं, म्हणून कितीही मोठा गोल घेतला तरी त्यातून जाणारी एकूण शक्ती तेवढीच राहते. विकिरण म्हणजे हे पद.

आता या बाहेर गेलेल्या शक्तीचा हिशेब जनरेटरच्या बाजूने करायचा, तर ती एखाद्या रोधकात खर्च झाल्यासारखी दिसते. त्या काल्पनिक रोधकाचं नाव रेडिएशन रेझिस्टन्स. तांब्याचा, मॅचिंगच्या भागांचा, जमिनीचा खरा रोध म्हणजे लॉस रेझिस्टन्स. दोन्हींतून तोच प्रवाह वाहतो, म्हणून कार्यक्षमता = रेडिएशन रेझिस्टन्स ÷ (रेडिएशन + लॉस). कंपनसंख्या, तुम्ही पाहिलेल्या आकड्यात या दोघांची बेरीज आहे. त्यांची वाटणी त्यात दिसत नाही.

डायपोल_दादा

आकडे टाकतो, कारण आकड्यांशिवाय याचं गांभीर्य कळत नाही.

अर्ध्या तरंगलांबीचा बारीक डायपोल: ७३ ओहम, आणि सोबत सुमारे ४२ ओहम इंडक्टिव्ह रिॲक्टन्स (ऊर्जा खर्च न करता साठवून परत देणारा विरोध). ५ टक्क्यांच्या आसपास आखूड केला की रिॲक्टन्स शून्य होतो (हाच अनुनाद) आणि रोध ७० ओहमच्या जवळ येतो. ४३३.९२ ला तरंगलांबी ६९.१ सेंटिमीटर, म्हणून डायपोल ३३ सेंटिमीटर, एक हात १६.४.

आखूड डायपोल, मध्यभागी फीड (शक्ती देण्याची जागा), टोकाकडे प्रवाह सरळ रेषेत शून्यावर: २० × पाय² × (लांबी ÷ तरंगलांबी)². लांबी तरंगलांबीच्या दहाव्या भागाएवढी असेल तर जेमतेम २ ओहम. लांबी निम्मी केली की रोध चौथाई.

ग्राउंड प्लेनवरचा आखूड उभा दांडा: ४० × पाय² × (उंची ÷ तरंगलांबी)². तुमच्या ४ सेंटिमीटरला हे १.३ ओहम येतं. स्प्रिंगमुळे प्रवाह वरपर्यंत थोडा जास्त टिकतो, त्यामुळे आकडा वाढतो, पण प्रवाह पूर्ण उंचीभर सारखा राहिला तरी चौपटीच्या पुढे जाणार नाही.

आता खर्चाची बाजू. स्प्रिंगची तार ०.८ मिलिमीटर तांब्याची, उलगडून २५ सेंटिमीटर धरू. या वारंवारतेला प्रवाह पृष्ठभागाच्या ३ मायक्रॉनच्या थरातूनच वाहतो, त्यामुळे तिचा रोध साधारण अर्धा ओहम. हे चालून जाईल. खरं नुकसान मॅचिंगमध्ये आहे. १०० ओहम रिॲक्टन्सचा चिप इंडक्टर मालिकेत असेल आणि त्याचा क्यू (साठवलेल्या ऊर्जेच्या मानाने तोटा किती कमी याचं माप, इथे रिॲक्टन्स ÷ रोध) ४० असेल, तर त्याचा रोध २.५ ओहम. म्हणजे १.३ ÷ (१.३ + ०.५ + २.५) = ३० टक्के. ५ डीबी घरातच गेले. हवेचा गाभा असलेली, तारेची गुंडाळी वापरली तर क्यू १०० च्या वर जातो आणि हाच तोटा १ ओहमवर येतो.

सोल्डरगंध

म्हणजे स्प्रिंग स्वतःच अनुनादी करून घेतली तर इंडक्टरची गरजच नाही, बरोबर?

डायपोल_दादा

सोल्डरगंध, बरोबर. आधी एखादा वेढा जास्त ठेवायचा, मग कापत किंवा ताणत बरोबर वारंवारतेवर आणायची. उरलेलं मॅचिंग समांतर भागाने करायचं. स्प्रिंग स्टीलची असेल तर मात्र जपून. पोलादाची पारगम्यता जास्त आणि वाहकता कमी, त्यामुळे पृष्ठभागाचा रोध कितीतरी वाढतो. त्यावरचा तांब्याचा किंवा चांदीचा मुलामा ३ मायक्रॉनपेक्षा बराच जाड असेल तरच पोलाद झाकलं जातं.

लघुलहरी

रेडिएशन रेझिस्टन्सचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे लघुलहरींवरचा छोटा लूप. ७ मेगाहर्ट्झ, १ मीटर व्यासाचा एक वेढा. सूत्र ३११७१ × (क्षेत्रफळ ÷ तरंगलांबी²)². क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर, तरंगलांबी ४२.८ मीटर. उत्तर ५.७ मिलिओहम. ओहम नव्हे, मिलिओहम.

२२ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या नळीचा रोध याच वारंवारतेला ३१ मिलिओहम. कार्यक्षमता १५ टक्के. त्याच जागी ३ मिलिमीटरची तार लावली तर रोध २३० मिलिओहम आणि कार्यक्षमता अडीच टक्क्यांच्याही खाली. दोन्ही लूप उत्तम मॅच होतात! उलट तारेचा लूप मॅच करायला सोपा आणि बँडविड्थही रुंद, म्हणून नवख्या माणसाला तोच चांगला वाटतो.

बनवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: नळीच्या लूपचा इंडक्टन्स सुमारे २.४५ मायक्रोहेन्री, रिॲक्टन्स १०८ ओहम, लागणारा कपॅसिटर २१० पिकोफॅरडच्या आसपास. १०० वॅट दिले तर लूपमध्ये ५० अँपिअरच्या वर प्रवाह आणि कपॅसिटरवर साडेपाच हजार व्होल्टच्या वर आरएमएस. शिखर ८ हजारांच्या आसपास. पट्ट्या घासत फिरणारा साधा व्हेरिएबल कपॅसिटर इथे चालत नाही, कारण घासणाऱ्या संपर्काचेच ५-१० मिलिओहम रेडिएशन रेझिस्टन्सएवढे भरतात. बटरफ्लाय किंवा व्हॅक्यूम कपॅसिटर हवा, सांधे चांदीच्या ब्रेझिंगने जोडलेले, आणि ट्रान्समिट चालू असताना लूपला हात नाही.

अनुनाद

लघुलहरींचा रुंद बँडविड्थचा मुद्दा अधोरेखित करतो. अँटेना किती छोटा करता येतो याला मर्यादा आहे. व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि चू यांनी १९४८ मध्ये ती मांडली. अँटेना ज्या गोलात मावतो त्याची त्रिज्या घ्या, तिला २ × पाय ÷ तरंगलांबी ने गुणा. हा आकडा 'का' म्हणू. बिनतोट्याच्या अँटेनाचा क्यू किमान १ ÷ का³ + १ ÷ का. ४३३.९२ ला २.२ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलासाठी का = ०.२, क्यू = १३०, म्हणजे बँडविड्थ पाऊण टक्का, ३ मेगाहर्ट्झच्या थोडी वर. स्रोत जुळवून जोडला तर मोजणीत हा आकडा दुप्पट दिसतो.

एवढ्याशा अँटेनाची बँडविड्थ ४० मेगाहर्ट्झ दिसत असेल तर आनंद मानू नका. एकतर आत काहीतरी तापतंय, नाहीतर तुम्ही समजता त्यापेक्षा अँटेना मोठा आहे.

कंपनसंख्या

माझी साधारण ३५ मेगाहर्ट्झ दिसते. "समजता त्यापेक्षा मोठा" म्हणजे काय?

मैत्रेयी_आरएफ

आता मूळ प्रश्नाच्या गाठीशी आलो. मोजताना जोडलेली कोॲक्स तुमच्या अँटेनाचा अर्धा भाग झाली आहे.

पाव तरंगलांबीच्या दांड्याला समोर दुसरा अर्धा लागतो. ग्राउंडचा प्रवाह कुठेतरी वाहायला हवा. ४३३.९२ ला त्यासाठी १७ सेंटिमीटरच्या आसपास धातू हवा. तुमचा बोर्ड ४ सेंटिमीटरचा. बोर्ड अपुरा पडला की प्रवाह कोॲक्सच्या आवरणाच्या बाहेरच्या अंगावरून व्हीएनएकडे वाहत जातो. कोॲक्सच्या आत मधली तार आणि आवरणाची आतली बाजू, यांतले प्रवाह सारखे आणि उलट. बाहेरचं अंग ही स्वतंत्र तिसरी तार. पृष्ठभागाच्या थराची जाडी ३ मायक्रॉनच असल्याने आतलं आणि बाहेरचं एकमेकांना दिसतच नाही.

म्हणून टेबलावर मोजताना तुमचा अँटेना म्हणजे स्प्रिंग अधिक अर्धा मीटर कोॲक्स. त्याचा रेडिएशन रेझिस्टन्स भरपूर, बँडविड्थ रुंद, मॅचिंग छान. कोॲक्स काढून बॅटरी लावली की तो अर्धा भाग गायब. रेडिएशन रेझिस्टन्स कोसळतो, अनुनाद वर सरकतो, आणि ज्या इंपीडन्ससाठी मॅचिंग केलं होतं तो उरतच नाही.

तपासायला एक मिनिट लागतं. व्हीएनएच्या पडद्याकडे बघत कोॲक्सवरून हात फिरवा. आलेख हलला तर बाहेरच्या अंगावर प्रवाह आहे. योग्य मोजणीत केबल मुठीत धरली तरी आलेख जागचा हलत नाही.

शून्य_डीबी

+१. यावर उपाय म्हणून बोर्डाच्या अगदी जवळ, कोॲक्सवर ओळीने ४-५ फेराइट मणी ओवायचे. ४३ नंबरच्या मिश्रणाचे मणी या वारंवारतेला रोधासारखेच वागतात, आणि इथे तेच हवं. किंवा पाव तरंगलांबीची बाही: कोॲक्सच्या बाहेरच्या प्लास्टिकवर वेणीची नळी चढवायची, बोर्डापासून दूरचं टोक आवरणाला सोल्डर करायचं, बोर्डाकडचं उघडं ठेवायचं. वेणीखाली प्लास्टिक असल्यामुळे तिची लांबी १७.३ सेंटिमीटरपेक्षा बरीच कमी भरते. आधी लांब ठेवून हात फिरवण्याच्या चाचणीवर थोडी थोडी कापत जा.

केबल बोर्डाच्या कुठल्या जागेतून बाहेर काढता यालाही महत्त्व आहे. स्प्रिंगच्या मुळाशी प्रवाह सर्वाधिक, बोर्डाच्या विरुद्ध टोकाला सर्वाधिक व्होल्टेज. शक्य असेल तर केबल अँटेनाच्या अक्षाला काटकोनात न्यावी.

तारेवरची_कसरत

एक शंका. अनुनादी नसलेला अँटेना विकिरण करत नाही असं अनेक ठिकाणी वाचलं आहे. मग इथे सगळे कार्यक्षमतेबद्दलच का बोलताहेत?

डायपोल_दादा

ते चूक आहे, तारेवरची_कसरत. विकिरण प्रवाहामुळे होतं, अनुनादामुळे नाही. अनुनाद म्हणजे फीडपाशी रिॲक्टन्स शून्य, एवढंच. त्याने शक्ती आत ढकलणं सोपं होतं. तरंगलांबीच्या ०.३५ पट डायपोल अनुनादी नाही, पण कमी तोट्याच्या ट्यूनरने (इंपीडन्स जुळवणाऱ्या डब्याने) जोडला तर अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलपासून क्वचितच एखाद्या डीबीने मागे राहील. आखूड अँटेना वाईट ठरतो तो मॅचिंगच्या भागांतल्या तोट्यामुळे, आणि तो तोटा रेडिएशन रेझिस्टन्स लहान असला की जड होतो.

लघुलहरी

त्याला जोडून व्हीएसडब्ल्यूआरची भीतीही थोडी कमी करू. १.५ म्हणजे ४ टक्के परावर्तन, ०.१८ डीबी. २ म्हणजे ११ टक्के, अर्धा डीबी. ३ म्हणजे २५ टक्के, सव्वा डीबी. १.२ वरून १.०५ करण्यासाठी तास घालवण्यात अर्थ नाही. तोच वेळ कार्यक्षमतेवर घालवला तर ५ डीबी मिळू शकतात.

अनुनाद

लघुलहरी, इथे थोडा असहमत. ट्यूनर असेल तर परावर्तित शक्ती वाया जात नाही. ती ट्यूनरपाशी पुन्हा परावर्तित होते आणि अँटेनाकडे जाते. जास्तीचा तोटा केबलच्या स्वतःच्या तोट्यावर ठरतो. अर्धा डीबीच्या केबलवर व्हीएसडब्ल्यूआर ३ असला तरी जास्तीचा तोटा ०.३ डीबी. ६ डीबीच्या केबलवर तोच १.२ डीबी. म्हणजे तुमचा सव्वा डीबी सगळीकडे लागू नाही.

लघुलहरी

मान्य, पण या धाग्यातल्या सेन्सरला ट्यूनर नाही. चिपचा आउटपुट सरळ अँटेनाला. इथे सव्वा डीबी खरंच जातो, शिवाय चुकीच्या लोडमुळे पॉवर अँप्लिफायरचा आउटपुट आणि हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या नको असलेल्या लहरी) बदलतात. केबलचा तोटा मापन सुंदर करून दाखवतो, हे मात्र दोन्हीकडे खरं. ३ डीबीच्या केबलच्या टोकाला काहीच न जोडता मोजा, रिटर्न लॉस ६ डीबी दिसेल, म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर ३. अँटेना नाहीच, तरी! म्हणून कॅलिब्रेशन ओपन, शॉर्ट, लोड तिन्ही केबलच्या शेवटच्या टोकाला करायचं.

मधुरा_मापन

गेन आणि डायरेक्टिव्हिटी यांत गोंधळ होतो तो कुणी स्पष्ट कराल का? डेटाशीटमध्ये कधी डीबीआय, कधी डीबीडी, कधी नुसतं डीबी.

शून्य_डीबी

डायरेक्टिव्हिटी फक्त आकाराची गोष्ट: सर्वोत्तम दिशेतली तीव्रता भागिले सगळ्या दिशांची सरासरी. तोटा त्यात नाही. गेन = डायरेक्टिव्हिटी × कार्यक्षमता. त्यातून मॅचिंगचा तोटाही वजा केला की रिअलाइज्ड गेन. रेंजच्या हिशेबात हा शेवटचा आकडा वापरायचा.

मध्यभागी फीड केलेला अत्यंत छोटा डायपोल: डायरेक्टिव्हिटी १.५, म्हणजे १.७६ डीबीआय (सगळ्या दिशांना सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत), अर्धशक्ती कोन (शक्ती निम्म्यावर येईपर्यंतची झोताची रुंदी) ९० अंश. अर्ध्या तरंगलांबीचा: १.६४, २.१५ डीबीआय, ७८ अंश. फरक बघा, अर्धा डीबीसुद्धा नाही. छोटा अँटेना दिशेच्या बाबतीत मागे नाही, कार्यक्षमतेत मागे आहे. पाव तरंगलांबीचा दांडा अनंत आदर्श ग्राउंडवर ५.१५ डीबीआय, पण लहान ग्राउंड प्लेनवर कमाल दिशा वर उचलली जाते आणि आडव्या दिशेला त्यातले बरेच डीबी कमी होतात.

डीबीडी म्हणजे अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलच्या तुलनेत, त्यात २.१५ मिळवले की डीबीआय. नुसतं डीबी लिहिलं असेल तर तो आकडा वापरू नका. झटपट तपासणीसाठी: डायरेक्टिव्हिटी ही ४१२५३ भागिले दोन प्रतलांतल्या अर्धशक्ती कोनांचा गुणाकार, याच्या पुढे सहसा जात नाही. ३० × ३० अंशांना ४६ पट, १६.६ डीबी. साइड लोब (मुख्य झोताबाहेर सांडणारी शक्ती) धरून ३२४०० घ्यायचे, मग १५.६. कुणी ३० अंशांच्या पॅनेलला २० डीबीआय लिहिलं असेल तर ते भौतिकशास्त्रात बसत नाही.

तारेवरची_कसरत

विषय निघालाच आहे तर, जास्त वारंवारतेला हवेत घट जास्त होते म्हणून ४३३ मेगाहर्ट्झची रेंज २४५० मेगाहर्ट्झपेक्षा बरी, हे बरोबर ना?

विद्युल्लता

कारण बरोबर नाही. मोकळ्या अवकाशात शक्ती फक्त पसरते, आणि पसरण्याला वारंवारतेशी देणंघेणं नाही. सूत्रात वारंवारता येते ती रिसीव्हिंग अँटेनाच्या प्रभावी क्षेत्रफळामुळे: गेन × तरंगलांबी² ÷ (४ × पाय). गेन १ असेल तर ४३३.९२ ला हे क्षेत्रफळ ३८० चौरस सेंटिमीटर, २४५० ला फक्त १२. फरक १५ डीबी, सूत्रातही नेमका तेवढाच. दोन्ही टोकांना ठराविक क्षेत्रफळाच्या डिश लावल्या तर उलट होतं, जास्त वारंवारता जिंकते. ६० सेंटिमीटरची डिश १२ गिगाहर्ट्झला ६० टक्के कार्यक्षमतेने ३५ डीबीआय देते आणि तिचा झोत ३ अंशांच्या आत असतो. तीच डिश ४३३ ला निरुपयोगी, कारण तिचा व्यास तरंगलांबीपेक्षाही लहान. भिंती, झाडं, पाऊस यांचं शोषण ही वेगळी गोष्ट, तिथे वारंवारतेचा परिणाम खरा आहे.

सोल्डरगंध

अंतराचा एक प्रश्न. गेन मोजताना किती दूर उभं राहायचं? २ × व्यास² ÷ तरंगलांबी हे सूत्र माहीत आहे. ३३ सेंटिमीटरच्या डायपोलला ते ३२ सेंटिमीटर देतं. एवढ्यात भागेल?

मैत्रेयी_आरएफ

नाही भागणार, सोल्डरगंध. ते सूत्र मोठ्या अँटेनासाठी आहे. त्या अंतरावर कडेची आणि मधली लहर यांच्या कलेत (फेजमध्ये) २२.५ अंशांचा फरक उरतो, आणि तो चालवून घ्यायचा असं ठरवलं आहे. वरच्या डिशला ते २९ मीटर येतं. लहान अँटेनाला वेगळी अट लागते: जवळची साठवलेली क्षेत्रं विरली पाहिजेत. तरंगलांबी ÷ (२ × पाय), म्हणजे इथे ११ सेंटिमीटर, ही सीमारेषा, आणि मापन तिच्या बरंच पुढे, काही तरंगलांब्यांवर. ४३३ ला ३ मीटर ठीक.

मधुरा_मापन

ध्रुवीकरणाचा (लहरीतलं विद्युत क्षेत्र उभं की आडवं, याचा) उल्लेख अजून कुणी केला नाही. सेन्सर आडवा पडला आणि रिसीव्हरचा अँटेना उभा, तर सैद्धांतिक तोटा अनंत. मोकळ्या जागी प्रत्यक्षात २०-३० डीबी सहज. एका बाजूला वर्तुळाकार ध्रुवीकरण ठेवलं तर कुठल्याही कोनात तोटा ३ डीबीवर थांबतो.

तारेवरची_कसरत

आणि हे सगळे आकडे पाठवताना आणि घेताना सारखेच, नाही का? पॅटर्न, गेन, इंपीडन्स, ध्रुवीकरण.

विद्युल्लता

हो, परस्परता. अट एवढीच की वाटेत अँप्लिफायर किंवा चुंबकित फेराइटचा आयसोलेटर नसावा. एक व्यावहारिक फरक मात्र राहतो. लघुलहरींवर बाहेरचा गोंगाटच इतका असतो की १० टक्के कार्यक्षमतेचा लूपही ऐकायला उत्तम चालतो, कारण सिग्नल आणि गोंगाट सारखेच कमी होतात. पाठवताना मात्र ते १० डीबी पूर्ण जातात.

मैत्रेयी_आरएफ

कंपनसंख्या, तुमचा रेंजचा हिशेब पुन्हा मांडू. मोकळ्या अवकाशाचं सूत्र जमिनीलगत चालत नाही. सरळ लहर आणि जमिनीवरून परावर्तित लहर यांची वाट जवळजवळ सारखी, आणि अतिशय तिरक्या कोनात परावर्तनाला चिन्ह बदलतं. दोघी एकमेकींना खोडतात. ४ × पाय × दोन्ही उंचींचा गुणाकार ÷ तरंगलांबी, एवढ्या अंतरानंतर घट अंतराच्या चौथ्या घातांकाने होते. तुमच्या ०.३ आणि १ मीटरला ही हद्द साडेपाच मीटरच येते.

त्यापुढे घट = ४० लॉग अंतर वजा २० लॉग (दोन्ही उंचींचा गुणाकार). ३०० मीटरला ११० डीबीच्या जरा आत. गेन शून्य डीबीआय धरला तर तुमच्याकडे १२० होते, म्हणजे उरतात १० डीबी.

१५० मीटरला घट ९७.५ डीबी, उरायला हवेत २२ डीबी. पाकिटं तिथेच गळताहेत. सपाट जमिनीच्या या ढोबळ सूत्रावर, गवतावर आणि सिग्नलच्या चढउतारावर मिळून १० डीबी सोडले, तरी १२ डीबी बेपत्ता. बोर्डाचं अपुरं ग्राउंड, इंडक्टरचा ५ डीबी आणि कोॲक्स काढल्यावर बिघडलेलं मॅचिंग यांतून १२ डीबी अगदी सहज जमतात.

कंपनसंख्या

केबलवर हात फिरवला. अनुनादाचा खड्डा २० मेगाहर्ट्झ इकडेतिकडे सरकतो. आता पुढे नेमकं काय करू?

मैत्रेयी_आरएफ

या क्रमाने करा:

आधी संदर्भ बनवा. १६.४ सेंटिमीटरचे दोन हात, फीडपाशी फेराइट मणी, व्हीएनएवर ४३३.९२ ला आणून ठेवलेला डायपोल. ट्रान्समीटरचा आउटपुट त्याला द्या. ५-६ मीटरवर रिसीव्हर ठेवा, दोन्ही किमान दीड मीटर उंचीवर, लाकडी किंवा प्लास्टिकच्या टेकूवर. रिसीव्हर वरखाली अर्धा मीटर हलवून आरएसएसआयचं (रिसीव्हरने दाखवलेल्या सिग्नलच्या ताकदीचं) कमाल मूल्य टिपा. मग डायपोलच्या जागी सेन्सर, स्वतःच्या बॅटरीवर, खोक्यात बंद करून. तीन अक्षांवर फिरवून, रिसीव्हिंग अँटेना उभा आणि आडवा दोन्ही करून कमाल शोधा. दोन कमाल आकड्यांतला फरक म्हणजे डायपोलच्या तुलनेत सेन्सर अँटेनाचा रिअलाइज्ड गेन. छोट्या अँटेनाची डायरेक्टिव्हिटी डायपोलच्या जवळचीच असते, म्हणून हाच आकडा कार्यक्षमता आणि मॅचिंग यांचा एकत्रित तोटा. डायपोलला आणि सेन्सरला दिलेली शक्ती सारखी आहे ना, हे आधी स्पेक्ट्रम ॲनालायझरवर किंवा पॉवर मीटरवर तपासून घ्या, नाहीतर सगळी तुलना फुकट.

मग ग्राउंड वाढवा. बोर्ड मोठा करता येत नसेल तर ग्राउंडला १६-१७ सेंटिमीटरची तार सोल्डर करून स्प्रिंगच्या विरुद्ध दिशेला सोडा. नुसत्या एवढ्याने आरएसएसआय किती वर येतो ते बघा. काही डीबी आले तर निदान पक्कं. खोक्यात जागा नसेल तर ती तार कडेकडेने वळवून चिकटवा, पण स्प्रिंगला समांतर आणि जवळ आणू नका, प्रवाह एकमेकांना खोडतात.

मॅचिंग शेवटी, खोक्यात, बॅटरीसकट. प्लास्टिकचं खोकं अनुनाद काही मेगाहर्ट्झ खाली ओढतं. बॅटरीचा धातू स्प्रिंगपासून निदान २ सेंटिमीटर दूर.

अनुनाद

कार्यक्षमता एकटी वेगळी काढायची असेल तर व्हीलरची टोपी. अनुनादावर मोकळ्या हवेत अँटेनाचा रोध मोजा, मग ११ सेंटिमीटरच्या आसपास त्रिज्येचं तांब्याचं किंवा जस्ती पत्र्याचं भांडं त्यावर पालथं घालून, कडा ग्राउंडला चांगल्या टेकवून पुन्हा मोजा. टोपीखाली विकिरण बंद होतं, उरतो तो तोट्याचा रोध. मोकळा २० ओहम आणि टोपीखाली ८, तर कार्यक्षमता ६० टक्के. ही पद्धत मालिकेतल्या रोधासारखं वागणाऱ्या अँटेनाला लागू. भांड्याचा स्वतःचा अनुनाद जवळपास आला तर आकडे वेडेवाकडे येतात, अशा वेळी भांड्याचा आकार बदलून बघायचा.

लघुलहरी

आणि सेन्सर ३० ऐवजी ६० सेंटिमीटरवर बसवता आला तर बसवा. त्याच सूत्राने ६ डीबी फुकट मिळतात. चौथ्या घातांकाच्या घटीत ६ डीबी म्हणजे अंतर १.४ पट.

कंपनसंख्या

ग्राउंडला १६.५ सेंटिमीटरची तार लावली, बाकी काहीही न बदलता. आरएसएसआय ७ डीबीने वर आला. आता इंडक्टर काढून स्प्रिंगचा एक वेढा वाढवून बघतो. संदर्भ डायपोलशी तुलनेचे आकडे इथेच टाकेन.

डायपोल_दादा

तार लावल्यावर अनुनाद खाली सरकला असेल. वेढा वाढवण्याआधी खोक्यासकट मोजा, कदाचित वेढा कमीच करावा लागेल.